आठवणीला तारीख लावताना

फरशीवर एक दोर ठेवलेला असतो. शेजारी एका टोपलीत गोटे, दुसरीत फुलं. ताजी मिळाली तर ताजी, नाहीतर कापडाची. समोर बसलेल्या माणसाला मानसशास्त्रज्ञ सांगतात, हा दोर म्हणजे तुमचं आयुष्य. हे टोक म्हणजे तुमचा जन्म. इथून दोर उलगडत न्या. पलीकडच्या टोकाला थोडं वेटोळं तसंच राहू द्या, तो भाग अजून जगायचा आहे. जिथे काही चांगलं घडलं तिथे फूल ठेवा, वाईट घडलं तिथे दगड.

मग गावाकडे शाळामास्तर असलेला, आता निर्वासित छावणीत राहणारा एखादा चाळिशीचा माणूस खाली वाकून गोटे निवडू लागतो. हा लहान, हा मोठा. कुठे तीन दगड लागोपाठ येतात आणि त्यांच्यामध्येच एक फूल. प्रत्येक वस्तूला एक नाव द्यायचं आणि आठवेल तसं साल आणि ठिकाण सांगायचं. ‘बहिणीचं लग्न’. ‘चौकीवरची रात्र’. ‘नदी ओलांडली’. चौकीवर काय झालं, हे आज विचारायचं नाही. त्याने सांगायला सुरुवात केली, तरी मानसशास्त्रज्ञ हळूच थांबवतात: ते सगळं मला ऐकायचंय, पण पुढच्या वेळी. दीड-दोन तासांनी एक अख्खं आयुष्य, जन्मापासून आजपर्यंत, फरशीवर मांडलेलं असतं.

बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण माणसाची स्मृती कशी चालते आणि कशी मोडते, याबद्दल गेल्या काही दशकांत जे कळलं, त्यातलं बरंचसं त्या दोरात गुंफलेलं आहे. या उपचारपद्धतीचं नाव नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी. क्षेत्रातली माणसं नुसतं ‘नेट’ म्हणतात. जर्मनीतल्या कॉन्स्टान्स विद्यापीठातल्या मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट या तिघांनी ती बांधली आणि २००५ मध्ये तिची पुस्तिका प्रसिद्ध केली. कॉन्स्टान्स हे सरोवराकाठचं टुमदार गाव, पण पद्धतीची कसोटी लागली ती युगांडातल्या निर्वासित वस्त्यांमध्ये.

निर्वासितांबरोबर काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसमोर एक कोडं कायम असतं. (मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषधं लिहून देतात, सायकॉलॉजिस्टची सगळी भिस्त बोलण्यावर, ऐकण्यावर आणि ते कसं करायचं याच्या शास्त्रावर.) समोरच्या माणसाच्या दोन तक्रारी असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पहिली अशी, की ते विसरताच येत नाही. रात्री दचकून जाग येते, डिझेलचा वास आला की छातीत धडधडतं, बूट वाजले की पळत सुटावंसं वाटतं. दुसरी अशी, की ते सांगताच येत नाही. काय झालं, कुठे, कधी, आधी काय आणि मग काय, असं विचारलं की सगळं विस्कटतं. जे इतकं ठसठशीत आठवतं, ते सांगता का येऊ नये?

उत्तराची किल्ली अशी, की आठवण ही एक वस्तू नाही. तिचे निदान दोन धागे आहेत. एका धाग्यात त्या क्षणाचा वास, आवाज, घशाची कोरड, गुडघ्यांतलं कापरं, ‘आता मी मरणार’ हा विचार. या भागाला मानसशास्त्रज्ञ ‘उष्ण स्मृती’ म्हणतात. दुसऱ्या धाग्यात कुठे, केव्हा, कोणत्या गावी, पावसाळ्याआधी की नंतर, तेव्हा आपण काय करत होतो. ही ‘शीत स्मृती’. एरवी हे दोन्ही धागे एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. दहावीचा निकाल आठवला की पोटात गोळा येतो, पण तो पंचवीस वर्षांपूर्वीचा, हेही त्याच क्षणी ठाऊक असतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगात हे बंधन नीट बसत नाही. मेंदूतलं भीतीचं केंद्र, अमिग्डाला, पूर्ण जोराने काम करत असतं. प्रसंगाला स्थळकाळाची चौकट देणारा हिप्पोकॅम्पस त्या ताणाखाली कमी पडतो. परिणामी उष्ण धागा खोल कोरला जातो आणि शीत धागा तुटका राहतो.

टपालाचा शिक्का नसलेलं पत्र हाती यावं, तसं हे आहे. कुठून आलं, कधीचं, काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी ते आजच आल्यासारखं वाटतं. छावणीतल्या माणसाला चौकीवरची रात्र ‘आठवत’ नाही, ती त्याच्यावर पुन्हा येते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानग्रंथात या अवस्थेला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव दिलं. मराठीत आघातोत्तर ताण विकार. नाव रुक्ष आहे, पण त्यातला ‘उत्तर’ हा भाग रुग्णाला खरा वाटत नाही, हेच तर त्याचं दुखणं.

हे कळल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि ती दवाखान्यापेक्षा कचेरीत जास्त महत्त्वाची आहे. आश्रय मागणाऱ्याला परक्या देशात आपली हकिकत अधिकाऱ्यासमोर सांगावी लागते. एकदा नव्हे, अनेकदा. दोन जबाबांत फरक पडला की शेरा बसतो: विश्वासार्ह नाही. लंडनमधल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट जेन हर्लिही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गृहीतकालाच हात घातला. त्यांनी कोसोवो आणि बोस्नियातून आलेल्या अशा निर्वासितांना निवडलं, ज्यांना ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती. खोटं बोलून त्यांना मिळवायचं काहीच नव्हतं. प्रत्येकाला एक भयंकर प्रसंग आणि एक साधा प्रसंग सांगायला लावलं, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तेच विचारलं. उत्तरांत विसंगती सर्रास सापडल्या. मुख्य घटनेपेक्षा तिच्या आजूबाजूच्या तपशिलांत त्या जास्त होत्या. ज्यांना पीटीएसडीचा त्रास अधिक, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधलं अंतर जितकं जास्त, तितकी तफावतही जास्त. हा अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. म्हणजे कचेरीत ज्याला खोटेपणाची खूण समजतात, ती खऱ्या जखमेची खूण असू शकते. मला या विषयातली ही सर्वांत हादरवणारी गोष्ट वाटते. ज्याने जास्त भोगलं, त्याच्यावर विश्वास बसण्याची शक्यता कमी.

आता दोराकडे परत येऊ. अपघातात सापडलेल्या माणसाचा एक प्रसंग असतो. त्या एका प्रसंगावर काम करता येतं. निर्वासिताचं तसं नसतं. गाव जळणं, वाटेतली लूटमार, बोट, पोलीस, छावणीतली मारामारी, अशी रांगच असते. नॉयनर आणि सहकाऱ्यांनी युगांडाच्या वेस्ट नाइल भागातल्या आणि लगतच्या सुदानमधल्या तीन हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. ज्यांच्या वाट्याला असे तीन किंवा त्याहून कमी प्रसंग आले होते, त्यांच्यापैकी २३ टक्क्यांना पीटीएसडी होता. हे प्रमाण प्रसंगांबरोबर चढत जातं. ज्यांनी २८ किंवा त्याहून अधिक सोसलं, त्यांच्यात ते १०० टक्के होतं. मन खंबीर असणं, देवावर श्रद्धा असणं, नातेवाईक जवळ असणं, या सगळ्याचा उपयोग होतो. पण पुरेशा विटा रचल्या गेल्या की कोणीही वाकतं. ‘कमकुवत मनाची माणसं’ ही आपल्याकडची आवडती समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

प्रसंग इतके झाले की त्यांचे उष्ण धागे एकमेकांत अडकतात. घामाचा वास पहिल्या प्रसंगातही होता आणि पाचव्यातही, अंधार सगळ्यांतच. मग एक छेडला की सगळे वाजतात, आणि कुठला कधीचा हे सुटं करता येत नाही. ‘तुम्हाला सर्वांत जास्त त्रास देणारा प्रसंग सांगा’ असं विचारलं तर माणूस गोंधळतो, कारण त्याच्यापुढे एक प्रसंग नसून गुंता असतो. म्हणून नेटमध्ये जन्मापासून सुरुवात. गुंता सोडवायचा तर दोर पूर्ण उलगडावा लागतो.

दोर मांडून झाल्यावरच्या बैठका दीड-दोन तासांच्या असतात. एकूण चार ते बारा. हकिकत काळाच्या क्रमाने पुढे सरकते. लहानपण, घर, कोण कोण होतं, काय खायचात. ही नुसती प्रस्तावना नसते. आयुष्यात दगडांखेरीज काय होतं, हे आधी पक्कं व्हावं लागतं. मग पहिला मोठा दगड येतो आणि मानसशास्त्रज्ञ मुद्दाम वेग कमी करतात. इतका कमी, की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. दुपार होती की संध्याकाळ? तुम्ही कुठे उभे होतात? अंगावर काय होतं? पहिला आवाज कोणता आला? तेव्हा मनात काय आलं? छातीत काय झालं? आणि हे सांगताना आत्ता छातीत काय होतंय? ‘तेव्हा’ आणि ‘आत्ता’ यांच्यात ही सतत ये-जा चालू राहते. उपचाराचा सगळा जोर या ये-जा करण्यात आहे. माणूस त्या रात्रीत जातो, भीती चढते, पण एक पाय या खोलीत, या खुर्चीत, या वारी आणि या सालात ठेवलेला असतो. उष्ण धाग्याला शीत धागा बांधला जात असतो, गाठ गाठ करून.

हे करताना मानसशास्त्रज्ञाचे डोळे समोरच्याच्या शब्दांइतकेच शरीरावरही असतात. धोका वाढत गेला की शरीर ठरावीक पायऱ्या चढतं: आधी थिजणं, मग पळणं किंवा झुंजणं. त्यापलीकडे, सुटका नाही असं कळल्यावर, उलटा उतार: अंग सैल पडतं, रक्तदाब उतरतो, आवाज लांबून येऊ लागतात, शुद्ध हरपते. शाउअर आणि एल्बर्ट यांनी २०१० मध्ये या क्रमाची नीट मांडणी केली. ज्या बाईने त्या वेळी अंग टाकलं होतं, ती सांगतानाही त्याच ठिकाणी अंग टाकू लागते. नजर शून्यात जाते, उत्तरं लांबतात, चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी धीराचे शब्द कुचकामी. तिला पाय एकमेकांवर ठेवून पोटऱ्या आवळायला सांगतात, मुठी घट्ट करायला लावतात, म्हणजे रक्तदाब चढतो. लिंबू हुंगायला देतात, थंड पाण्याचा ग्लास हातात देतात, उभं राहून दोन पावलं चालायला लावतात. ‘मी कोण? आपण कुठे आहोत? खिडकीबाहेर काय दिसतंय?’ ती पुन्हा खोलीत आली की गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे. मधेच सोडून द्यायचं नाही. भीती चढलेली असताना बैठक संपवली तर आणखी एक दगड तयार होतो. प्रसंग संपला, तुम्ही वाचलात, त्यानंतर कुठे गेलात, इथपर्यंत हकिकत आणल्याशिवाय उठायचं नसतं.

पुष्कळदा हे सगळं दुभाष्यामार्फत चालतं. चांगला दुभाषा ‘ती म्हणते की तिला मारलं’ असं म्हणत नाही, ‘मला मारलं’ असंच म्हणतो. दिवसाला तीन-चार वेळा दुसऱ्याच्या तोंडचा ‘मी’ बोलायचा, आणि बरेच दुभाषे स्वतः त्याच वाटेने आलेले. शिवाय दुभाषा नुसता त्याच देशाचा असून चालत नाही. रवांडातून आलेल्या माणसासमोर रवांडाचाच दुभाषा बसवला, की १९९४ च्या वंशसंहारात तो कोणत्या बाजूला होता, हा प्रश्न न विचारता खोलीत येऊन बसतो. म्हणून बैठक संपल्यावर मानसशास्त्रज्ञ दुभाष्याशी वेगळं बोलतात, आणि स्वतःही आपल्या वरिष्ठांशी. ऐकणं हेही अंगाला लागतं.

आता यातला मला सर्वांत आवडलेला भाग. दोन बैठकांच्या मधल्या काळात मानसशास्त्रज्ञ ऐकलेली हकिकत लिहून काढतात, साध्या भाषेत, क्रमाने. पुढच्या भेटीत ती मोठ्याने वाचून दाखवतात. आणि समोरचा माणूस दुरुस्त्या सांगतो. नाही, तो माझा मामा नव्हता, मावसभाऊ. पाऊस नव्हता, पाऊस दुसऱ्या दिवशी आला. गेल्या वेळी ज्याला बोलता बोलता घाम फुटला होता, तो आज त्याच हकिकतीचे तपशील तपासत असतो. भीतीने गिळलेला माणूस स्वतःच्या गोष्टीचा संपादक होतो. शेवटच्या बैठकीत जन्मापासूनची पूर्ण कहाणी वाचली जाते, तिच्यावर तो माणूस, दुभाषा आणि मानसशास्त्रज्ञ सह्या करतात, आणि प्रत त्याच्या हाती दिली जाते. त्याची इच्छा असेल तर ती हक्कांच्या लढ्यात पुरावा म्हणून वापरता येते.

या सह्यांचं मूळ जर्मनीत नाही. ते चिलीत आहे. पिनोशेच्या लष्करी राजवटीत छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या साक्षी तिथल्या मानसशास्त्रज्ञ ध्वनिमुद्रित करत आणि लिहून काढत. अत्याचार नोंदवणं हा हेतू होता. करता करता त्यांच्या लक्षात आलं, की साक्ष देणाऱ्यांचा त्रास कमी होतोय. १९८३ मध्ये एलिझाबेथ लिरा आणि युजेनिया वाइनस्टाइन यांनी हे एका अमेरिकी नियतकालिकात मांडलं, तेही टोपणनावांनी, कारण राजवट अजून सत्तेवर होती. न्यायासाठी केलेली नोंद औषधासारखी लागू पडावी, हे त्यांनाही आधी सुचलेलं नव्हतं. कॉन्स्टान्सच्या मंडळींनी त्या साक्षीला स्मृतिशास्त्राची जोड दिली.

चालतं का हे? पहिली मोठी परीक्षा उत्तर युगांडातल्या इम्वेपी वस्तीत झाली. ४३ सुदानी निर्वासित, तीन गट. एका गटाला नेटच्या चार बैठका, दुसऱ्याला आधार देणारं समुपदेशन, तिसऱ्याला या त्रासाबद्दल फक्त माहिती. एक वर्षानंतर पाहिलं, तेव्हा नेट घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांमध्ये पीटीएसडी उरला होता. समुपदेशनाच्या गटात ७९ टक्के, माहितीच्या गटात ८० टक्के. माणसं त्याच वस्तीत, त्याच हलाखीत राहत होती. गट लहान होता, हे खरं. तरीही, आधी सुरक्षित देशात पोहोचा, कागदपत्रं होऊ द्या, मग मनाचं बघू, ही तोवरची समजूत या निकालाने हलली.

दुसरी परीक्षा मला त्याहून धाडसाची वाटते. दक्षिण युगांडातल्या नाकिवाले वस्तीत रवांडा आणि सोमालियातले २७७ निर्वासित निवडले आणि उपचार करायला वस्तीतल्याच निर्वासितांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तयार केलं. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेट घेतलेल्या ७० टक्के लोकांमध्ये नंतर पीटीएसडी सापडला नाही. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के.

इथे एक आकडा सांगितला नाही, तर वाचकाची फसवणूक होईल. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका गटाला मोकळ्या पद्धतीचं आघात-समुपदेशन दिलं होतं, आणि त्यातले ६५ टक्के बरे झाले. ७० आणि ६५ यांत फार अंतर नाही. दोर-दगडांची जादू अशी एकट्या नेटची नाही, हे त्यातून दिसतं. फरक पडला तो टिकून राहण्यात: समुपदेशन अर्धवट सोडणारे २१ टक्के होते, नेट सोडणारे ४ टक्के. आपली गोष्ट कोणी तरी लिहून घेतंय, पुढच्या वेळी वाचून दाखवणार आहे, म्हणून लोक परत येत असावेत, असा माझा कयास. कयासच, कारण अभ्यासाने कारण मोजलेलं नाही.

शेजारच्या माणसाला शिकवून तयार करायची ही कल्पना हौसेपोटी आलेली नाही. गरीब देशांत मनाच्या आरोग्यासाठी काम करणारे सगळे मिळून लाखामागे दोनसुद्धा नाहीत. श्रीमंत देशांत साठांहून अधिक आहेत. आणि २०२४ च्या अखेरीस घर सोडून पळावं लागलेली माणसं जगात १२ कोटी ३२ लाख होती, असं संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था सांगते. पदवीधर पुरणार नाहीत, हे हिशेबातच आहे. उत्तर इराकमध्ये यझिदींबाबत हेच झालं. इस्लामिक स्टेटच्या कैदेतून सुटलेल्या सुमारे ११०० यझिदी स्त्रिया आणि मुलांना जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१५ च्या सुमारास आपल्याकडे आणलं. कोणाला न्यायचं, हे ठरवण्याच्या कामात मुख्य होते जान इल्हान किझिलहान, तुर्कस्तानातल्या यझिदी कुटुंबात जन्मलेले जर्मन मानसशास्त्रज्ञ. पुढे शांततेचं नोबेल मिळालेल्या नादिया मुराद याच योजनेतून जर्मनीत आल्या. पण ११०० जणांना विमानात बसवलं तरी छावण्यांत हजारो मागे राहिल्या. तेव्हा किझिलहान यांनी दुहोक विद्यापीठात मानसोपचाराची संस्था उभी करायला घेतली, स्थानिक मुलामुलींना शिकवायला.

विस्मयाच्या भरात एक गोष्ट निसटू नये. बहुतेक निर्वासित मनाने आजारी नसतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या हिशेबानुसार, युद्धग्रस्त भागांत कोणत्याही वेळी सुमारे २२ टक्के लोकांना कोणता तरी मानसिक विकार असतो, त्यातही बराचसा सौम्य. बाकीच्यांना दुःख असतं, भीती असते, झोप येत नाही, पण त्यांना दोराची गरज नसते. आपत्तीनंतर दुसऱ्या दिवशी जाऊन सगळ्यांना ‘काय झालं ते बोला’ म्हणणं, ही एके काळची लोकप्रिय रीत. ती निरुपयोगी ठरली आणि आता तिची शिफारस केली जात नाही.

मदत संस्थांनी २००७ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यांत म्हणूनच चार थरांचा पिरॅमिड आहे. तळाला अन्न, निवारा, सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि समाज: शाळा, प्रार्थना, अंत्यविधी करता येणं, हरवलेल्या नातलगांचा शोध. तिसऱ्या थरावर साधी मदत, जी प्रशिक्षित कार्यकर्ते देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अगदी टोकाला. दुसऱ्या थराचं एक उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे, ही तत्त्वं लिहिली जाण्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधीचं. वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं, सोव्हिएत संघाने सायबेरियाकडे हाकललेली. तिथे एकही मानसशास्त्रज्ञ नेमल्याचं माझ्या वाचनात नाही. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, स्वतःच्या भाषेत चालणारा दिवस होता.

तळाचा थर ढासळला की वरच्यांचं काय होतं, हे युगांडातच दिसतंय. हा देश आफ्रिकेत सर्वांत जास्त निर्वासितांना आसरा देतो, कसायला जमिनीचा तुकडाही देतो. नेटच्या त्या दोन्ही परीक्षा इथेच झाल्या. २०२५ मध्ये निधी आटल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथल्या सुमारे १० लाख निर्वासितांचं अन्नसाहाय्य थांबवलं. भूतकाळातली भीती भूतकाळात नेऊन ठेवण्याचं तंत्र मानसशास्त्रज्ञांकडे आहे आणि ते लागू पडतं, हे वस्त्यांमध्ये जाऊन सिद्ध झालेलं आहे. उद्याच्या जेवणाची भीती आजची असते. तिच्यावर त्यांच्याकडे उपचार नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा करणंही चूक आहे. ते काम अन्न पुरवणाऱ्यांचं आणि त्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारांचं आहे.